तेल मोजलं जात नाही, ते उरतं: विहिरीवरच्या मल्टिफेज मीटरचं रीडिंग कसं वाचायचं

नाशिक जिल्ह्यात तेलाची एकही विहीर नाही. पायाखाली बेसॉल्ट आहे, आणि तेलाचं म्हणावं तर मनमाडजवळ पानेवाडीच्या टाक्या. तिथे मुंबईहून पाइपलाइननं येतं ते रिफायनरीतलं तयार इंधन. एका वेळी एकच द्रव, त्यात ना गॅस ना पाणी. असं मोजणं सोपं. पण इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस नाशिकला अशा पाळीवर जाणाऱ्यांच्या समोर जो पाइप येतो, त्यातून तेल, पाणी आणि गॅस एकत्र, एकमेकांना ढकलत, गचके देत येतात. हा लेख त्यांच्यासाठी, आणि प्लॅटफॉर्मवरून आलेली टेस्टची शीट (एकेका विहिरीच्या मोजणीचा तक्ता) किनाऱ्यावर बसून वाचणाऱ्यांसाठीही.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करू. मल्टिफेज मीटर, म्हणजे तेल-पाणी-गॅस वेगळे न करता त्यांच्या मिश्रणावर चालणारा मीटर, तेल मोजत नाही. तो दाबातला फरक मोजतो, गॅमा किरण किती अडले ते मोजतो आणि मिश्रणाचा विद्युत गुणधर्म मोजतो. त्यावरून एकूण प्रवाह निघतो, त्यातून गॅस वजा होतो, मग पाणी वजा होतं. जे उरतं त्याला आपण तेल म्हणतो. म्हणजे प्रत्येक चूक शेवटी तेलाच्याच आकड्यावर येऊन बसते.

मीटरच्या आत काय चालतं

दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागेत ज्यानं ठिबकमधून खत सोडलंय, त्याला व्हेंच्युरी वेगळी सांगायला नको. बायपासवर आवळलेला गळा असतो. मेन लाइनचा व्हॉल्व्ह थोडा दाबला की पाणी गळ्यातून वेगानं जातं, तिथला दाब पडतो आणि ड्रममधलं खत ओढलं जातं. विहिरीवरच्या मीटरमध्ये तसाच गळा असतो. फक्त तिथे काही ओढायचं नसतं. गळ्याच्या आधीचा दाब आणि गळ्यातला दाब यांतला फरक, म्हणजे डीपी, तेवढा मोजायचा. प्रवाह डीपीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो: डीपी चौपट झाला तर प्रवाह दुप्पट. पण हे घनता माहीत असेल तरच. ठिबकमध्ये पाणीच असतं, १००० किलो प्रति घनमीटर. विहिरीत घनता दर सेकंदाला बदलते.

म्हणून गॅमा सोर्स. सीझियम-१३७ चे ६६२ केईव्हीचे किरण पाइपच्या आरपार जातात. आत जितका जड माल, तितके कमी किरण पलीकडच्या डिटेक्टरपर्यंत पोचतात. बेरियम-१३३ सारखा कमी-जास्त ऊर्जेचे किरण देणारा सोर्स असेल तर घनतेबरोबर पाणी आणि तेल वेगळं ओळखायलाही मदत होते. तिसरा भाग विद्युत: तेलाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक साधारण २.२, पाण्याचा ८० च्या आसपास, गॅसचा जवळपास १. तेल सलग असेल, म्हणजे पाण्याचे थेंब तेलात विखुरलेले असतील, तोवर कपॅसिटन्स चालतो. पाणी सलग झालं की मिश्रण वीज वाहू लागतं, मग कंडक्टन्सवर जावं लागतं. हा पालट पाण्याचं प्रमाण साधारण ३० ते ६० टक्क्यांच्या मध्ये असताना कधीतरी होतो. नेमका कुठे, ते तेलाच्या जातीवर ठरतं. त्या पट्ट्यातल्या विहिरीचं वॉटर-कट (द्रवातला पाण्याचा वाटा) रीडिंग नेहमी जरा संशयानं बघावं, कारण मीटर दोन पद्धतींच्या मधे उडत असतो.

आणखी एक भानगड: गॅस आणि द्रव एका वेगानं जात नाहीत. उभ्या पाइपात गॅस पुढे पळतो, द्रव मागे रेंगाळतो. याला स्लिप म्हणतात. समजा प्रवाहात गॅसचा वाटा, म्हणजे जीव्हीएफ, ७५ टक्के आहे आणि गॅस द्रवाच्या दीडपट वेगानं जातोय. पाइपच्या छेदात कुठल्याही क्षणी गॅस दिसेल तो फक्त ६६.७ टक्के. गॅमाला हे ६६.७ दिसतं, ७५ नाही. मधला फरक भरून काढतं ते मीटरच्या सॉफ्टवेअरमधलं स्लिप मॉडेल. मीटर ज्या पट्ट्यात तपासलेला आहे त्याच्या बाहेर हे मॉडेल अंदाजावर चालतं. जीव्हीएफ ९५ टक्क्यांच्या वर गेला की द्रवाचा आकडा हातात घेतानाच तो ढिला आहे असं धरा.

आकडा बघण्याआधी

शीट उघडल्यावर डोळा पहिल्यांदा तेलाच्या रकान्यावर जातो. तो तिथून उचलायचा आणि खालच्या गोष्टी बघायच्या.

कोणती विहीर टेस्ट हेडरवर, म्हणजे मीटरकडे जाणाऱ्या सामाईक पाइपवर, आहे? हे हास्यास्पद वाटेल, पण शेजारच्या विहिरीचा हेडर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसेल तर तिचा मालही याच मीटरमधून जातो. टेस्ट सुरू होण्याआधी लाइनमधला जुना माल पूर्ण बदलला पाहिजे. टेस्ट लाइनमध्ये ६ घनमीटर माल मावत असेल आणि विहीर पाइपातल्या स्थितीत गॅससह १६० घनमीटर प्रति तास देत असेल, तर गॅस काही मिनिटांत बदलतो, पण सखल भागात साचलेलं पाणी तासभर तसंच बसून राहतं. द्रवाच्या प्रवाहावरून हिशेब करा आणि लाइन निदान तीनदा धुतली जाईल इतकी वाट बघा.

त्यानंतर डीपीचा शून्य. उभ्या व्हेंच्युरीत दोन टॅपिंगमध्ये (दाब घ्यायच्या छिद्रांमध्ये) उंचीचा फरक असतो. टॅपिंग २० सेंटिमीटर अंतरावर असतील आणि तिथून ट्रान्समीटरपर्यंत दाब नेणाऱ्या केशनळीतलं सील ऑइल ९५० किलो प्रति घनमीटरचं असेल, तर प्रवाह शून्य असताना आणि पाइपात गॅस असताना ट्रान्समीटरवर सुमारे १८.६ मिलिबार दिसायला हवेत. कोणीतरी शहाणपणा करून हे शून्यावर आणून ठेवतो. मग टेस्टला डीपी १०० मिलिबारचा असेल तर प्रवाहात ९ टक्क्यांच्या आसपास चूक घुसते, आणि विहीर जितकी हळू वाहते तितकी ही चूक वाढते.

गॅमाचं रिकाम्या पाइपचं काउंट कधी घेतलं ते बघा. सीझियमचं अर्धायुष्य ३० वर्षांचं, त्यामुळे वर्षाला सव्वादोन टक्के काउंट आपोआप कमी होतात. बेरियमचं साडेदहा वर्षांचं, म्हणजे वर्षाला साडेसहा टक्के. सॉफ्टवेअर हे दुरुस्त करतं, पण सोर्सची तारीख बरोबर भरलेली असेल तरच. सोर्सला स्वतः हात लावायचा नाही. त्याचं शटर, जागा, हलवाहलव, सगळं रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरच्या हातात आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीनं.

पाण्याची क्षारता. मुंबई हायसारख्या क्षेत्रात दाब टिकवायला समुद्राचं पाणी खडकात सोडतात. हे पाणी हळूहळू उत्पादक विहिरीपर्यंत पोचलं की बाहेर येणाऱ्या पाण्याची क्षारता बदलते. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ, खडकातल्या मूळ पाण्यात वेगळं. मीटरमध्ये मात्र दोन वर्षांपूर्वीची क्षारता भरलेली असते. मग वॉटर-कट सरकतं आणि विहिरीत काहीतरी झालं अशी धावपळ होते. झालेलं असतं ते पाण्यात. खडकातल्या पाण्यात बेरियम आणि समुद्राच्या पाण्यात सल्फेट असलं की दोन्ही भेटून बेरियम सल्फेटची खपली बसते. ५० मिलिमीटरच्या गळ्यात चारी बाजूंनी अर्धा मिलिमीटर खपली बसली, तरी गळा ४९ झाला आणि मीटर प्रवाह सुमारे ४ टक्के जास्त दाखवू लागला. वर ती खपली गॅमाही अडवते, म्हणजे घनताही फुगते.

रेघा एकमेकींच्या सोबतीनं वाचा

डीपी, गॅमा घनता, दाब आणि तापमान, चारही रेघा एकाच पडद्यावर, सेकंदाच्या डेटासह लावा. सरासरीच्या शीटमध्ये जे लपतं ते इथे दिसतं.

निरोगी विहिरीत या रेघा एकत्र हलतात. द्रवाचा गोळा, म्हणजे स्लग, आला की घनता वर जाते, डीपी वर जातो, आणि मागून गॅसचा फुगा आला की दोन्ही पडतात. गॅमाची रेघ नाचतेय आणि डीपीची झोपलीय, तर इम्पल्स लाइन (दाब ट्रान्समीटरकडे नेणारी वाट) मेणानं किंवा हायड्रेटनं (गॅस-पाण्याच्या बर्फासारख्या खड्यांनी) तुंबलीय. दोन्ही झोपल्यात, तर विहीरच झोपलीय किंवा मीटर बायपासवर आहे. डीपी हलतोय आणि गॅमा स्थिर, तर डिटेक्टरकडे बघा.

स्लग येणाऱ्या विहिरीत सरासरीचा एक मोठा सापळा आहे. आधी डीपीची सरासरी काढून मग वर्गमूळ घेतलं तर प्रवाह जास्त येतो. निम्मा वेळ डीपी १०० मिलिबार, निम्मा वेळ ४००. वर्गमुळं १० आणि २०, सरासरी १५. उलट क्रमानं केलं तर सरासरी डीपी २५०, वर्गमूळ १५.८. पाच टक्क्यांहून जास्त प्रवाह कागदावर आला, विहिरीतून नाही. मीटरचा फ्लो कॉम्प्युटर हे बरोबर करतो. चूक होते ती हिस्टोरियनमधून (जुनी रीडिंग साठवणाऱ्या प्रणालीतून) मिनिटाच्या सरासरीचा डेटा काढून एक्सेलमध्ये पुन्हा हिशेब करताना, किंवा ट्रान्समीटरचं डॅम्पिंग (रीडिंग गुळगुळीत करणं) वाढवून ठेवल्यामुळे. टेस्टचा काळ निदान दहा-पंधरा स्लग पूर्ण निघून जातील इतका घ्या. स्लग वीस मिनिटांनी येत असेल तर दोन तासांची टेस्ट म्हणजे सहा स्लग. ती पुरेशी नाही.

पाइपातला आकडा आणि टाकीतला आकडा

मीटर पाइपातल्या दाब-तापमानाला मोजतो. हिशेब मात्र १५ अंश सेल्सियस आणि १.०१३२५ बारला लावायचा असतो. मधलं अंतर पीव्हीटी डेटा, म्हणजे दाब-तापमानानुसार तेल-गॅस कसे बदलतात त्याची माहिती, पार करून देतो. एक उदाहरण पूर्ण करू.

मीटरवर निरपेक्ष दाब २० बार, तापमान ६० अंश. गॅस १२० घनमीटर प्रति तास, द्रव ४०, त्यात पाणी निम्मं. जीव्हीएफ ७५ टक्के. गॅसचा झेड घटक (आदर्श गॅसपासूनचा फरक) ०.९५ धरला, तर प्रमाणित गॅस म्हणजे १२० गुणिले २० भागिले १.०१३२५, गुणिले २८८.१५ भागिले ३३३.१५, भागिले ०.९५: सुमारे २१५७ घनमीटर प्रति तास. तेल पाइपात २० घनमीटर. टाकीत येईपर्यंत त्यातला विरघळलेला गॅस निघून जातो आणि ते आकसतं. हा घटक ०.९५ असेल तर तेल १९ घनमीटर प्रति तास, दिवसाला ४५६.

आता लोक विसरतात ती गोष्ट. २० बारला तेलात अजून गॅस विरघळलेला आहे. तो दर घनमीटर तेलामागे १० घनमीटर असेल तर १९० घनमीटर प्रति तास आणखी. एकूण गॅस २३४७. गॅस-तेल गुणोत्तर, म्हणजे जीओआर, १२३.५. विरघळलेला गॅस धरला नाही तर ११३.५. तीच विहीर, तोच मीटर आणि आठ टक्क्यांचा फरक. पुढच्या महिन्यात दुसऱ्या पाळीतला माणूस बरोबर हिशेब करतो आणि जीओआर वाढला म्हणून मेल फिरतात. वॉटर-कटही सरकतं: पाइपात ५० टक्के, टाकीत २० भागिले ३९, म्हणजे ५१.३.

पीव्हीटी फाइल कोणत्या विहिरीची, कोणत्या वर्षीच्या सॅम्पलची, हे शीटवर लिहिलेलं नसेल तर ती शीट अर्धीच आहे. एकाच फाइलवर अख्खा प्लॅटफॉर्म चालवणं सोयीचं असतं, पण वेगळ्या थरातून उत्पादन देणाऱ्या विहिरीला ती फाइल लागू पडेलच असं नाही.

पाणी वाढलं की तेलाचा आकडा किती डळमळतो

मल्टिफेज मीटरचं वॉटर-कट सहसा दोन ते पाच टक्के बिंदूंच्या आत असल्याचं सांगितलं जातं. अडीच धरू. वॉटर-कट ५० असेल तर तेल उरतं ५०, आणि अडीचची चूक म्हणजे तेलात ५ टक्के. वॉटर-कट ८० असेल तर साडेबारा टक्के. ९० असेल तर तेल उरतं १०, चूक २५ टक्के. ९५ ला तर तेलाचा आकडा निम्म्यानं चुकीचा असू शकतो आणि मीटर अगदी ठणठणीत असतो. मीटरवर खापर फोडण्याआधी ही वजाबाकी करून बघा.

म्हणूनच जास्त पाण्याच्या विहिरीत हातानं सॅम्पल घेणं टाळता येत नाही. आणि ते नीट घेणं ही वेगळीच कला. आडव्या पाइपच्या तळातून घेतलं तर पाणीच येतं, वरून घेतलं तर तेल आणि गॅस. ब्लाइंड टी (एक टोक बंद असलेला टी-जोड) नंतरच्या उभ्या भागातून, जिथे माल घुसळला जातो तिथून घ्यावं. एक सॅम्पल काही सांगत नाही. स्लग वाहणाऱ्या विहिरीत दहा-दहा मिनिटांनी निदान सहा घ्या. सॅम्पल पॉइंट आधी वाहू द्या, गेल्या वेळचं तेल नळीत असतं. सेंट्रिफ्यूजमध्ये टाकण्याआधी ट्यूब ६० अंशांपर्यंत गरम करा आणि डिमल्सिफायर (तेल-पाणी फोडून वेगळं करणारं रसायन) घाला, नाहीतर इमल्शनमधलं (तेल-पाण्याच्या घट्ट मिश्रणातलं) पाणी तेलातच अडकून राहतं आणि वॉटर-कट कमी येतं. मधे तपकिरी थर उरला तर त्याला तेल समजून वाचू नका. डिमल्सिफायर वाढवा, पुन्हा फिरवा. आणि सॅम्पल घेताना हायड्रोजन सल्फाइडचा डिटेक्टर अंगावर असलाच पाहिजे.

गॅस लिफ्टची विहीर

गॅस लिफ्टमध्ये वरून गॅस सोडून द्रव वर उचलतात. मीटरवर दिसणारा गॅस म्हणजे सोडलेला अधिक खडकातून आलेला. खडकातला काढायला सोडलेला वजा करायचा. समजा मीटरवर दिवसाला ५०,००० घनमीटर, आत सोडलेला ३५,०००. खडकातला १५,०००. मीटरच्या गॅसमध्ये १० टक्के अनिश्चितता असेल तर ती ५,००० ची, म्हणजे खडकातल्या गॅसवर ३३ टक्के. अशा विहिरीचा जीओआर टेस्ट-टेस्टला उड्या मारतो ते यामुळे. टेस्टच्या काळात इंजेक्शनचा दर बदलू देऊ नका. बदललाच तर ती टेस्ट गॅससाठी वापरू नका, द्रवासाठी चालेल.

सेपरेटरशी जुळवताना

मीटर आणि टेस्ट सेपरेटर (तेल, पाणी आणि गॅस वेगळे करून मोजणारी टाकी) जुळले नाहीत की सेपरेटर खरा मानायची जुनी सवय आहे. सेपरेटरही चुकतो. द्रवाच्या भागात २ घनमीटर माल मावत असेल आणि प्रवाह ४० घनमीटर प्रति तास, तर माल आत राहतो फक्त तीन मिनिटं. घट्ट इमल्शनला तीन मिनिटं पुरत नाहीत. पाणी तेलाच्या नळीतून जातं, फेसाळ तेल गॅसबरोबर उडतं. तेलाच्या टर्बाइन मीटरवर दाब थोडा पडला तरी गॅस सुटतो आणि मीटर भरारा फिरतो.

दोन्हींची तुलना करायची योग्य पद्धत: आधी एकूण वस्तुमान जुळवा. पीव्हीटीची चूक गॅसमधलं तेलात आणि तेलातलं गॅसमध्ये ढकलते, पण एकूण किलो बदलत नाहीत. वस्तुमान जुळलं आणि तेल-गॅस जुळले नाहीत, तर पीव्हीटी. वस्तुमानच जुळलं नाही, तर डीपी, गळा, गॅमा किंवा सेपरेटरचे मीटर. हा एक प्रश्न आधी विचारला की अर्धी भांडणं मिटतात.

तिसरा साक्षीदार म्हणजे चोक, विहिरीचा प्रवाह आवळून धरणारं छिद्र. चोकच्या पुढचा दाब मागच्या दाबाच्या निम्म्याहून कमी असेल तर प्रवाह ढोबळमानानं पुढच्या दाबावर अवलंबून राहत नाही, आणि गिल्बर्टचं सूत्र वापरता येतं: वेलहेड (विहिरीच्या तोंडाचा) दाब पीएसआयमध्ये बरोबर ४३५ गुणिले गॅस-द्रव गुणोत्तराचा ०.५४६ वा घात गुणिले दिवसाचे बॅरल, भागिले चोकच्या मापाचा १.८९ वा घात. गुणोत्तर हजार घनफूट प्रति बॅरलमध्ये, चोक इंचाच्या चौसष्टाव्या भागात. ३२ चा चोक, ६०० बॅरल द्रव, गुणोत्तर ०.५: दाब २५६ पीएसआय येतो. वेलहेडवर प्रत्यक्ष २५० दिसला तर मीटरवर विश्वास ठेवायला हरकत नाही. ४०० दिसला तर चोक तुंबला, की मीटर खोटं बोलतोय, हे शोधायचं. सूत्र ढोबळ आहे, पण ढोबळ चूक पकडायला तेवढंच हवं.

विहिरीबद्दल बोलायचं ते आता

एवढं झाल्यावर आकडा विहिरीकडे वळवा, आणि एकट्या टेस्टवरून नाही, निदान तीन टेस्टच्या कलावरून. वेलहेड दाब पडतोय, वॉटर-कट चढतंय, एकूण द्रव तसाच: पाणी पोचलं, विहिरीतला द्रवाचा स्तंभ जड झाला. दाब चढतोय आणि द्रव कमी: पुढे कुठेतरी अडथळा, लाइनचा दाब वाढला किंवा चोक तुंबला. जीओआर चढतोय आणि द्रव हळूहळू कमी होतोय: गॅस-कॅपचा (खडकात तेलाच्या वर साचलेला) गॅस खाली ओढला जातोय, किंवा खडकातला दाब बबल पॉइंटच्या (ज्या दाबाला तेलातला गॅस सुटू लागतो त्याच्या) खाली गेलाय. सगळं एका रात्रीत बदललं आणि वेलहेड दाब मात्र जागचा हलला नाही, तर विहिरीला काही झालेलं नाही, मीटरला झालंय.

शीटवर शेवटी टेस्टचा आकडा लिहिताना सोबत हे असू द्या: चोकचं माप, वेलहेड दाब आणि तापमान, मीटरचा दाब आणि तापमान, टेस्टचा कालावधी, जीव्हीएफ, पाइपातलं वॉटर-कट, हातानं काढलेलं वॉटर-कट, गॅस लिफ्टचा दर, पीव्हीटी फाइलचं नाव आणि पाण्याची भरलेली क्षारता. टेस्ट नाकारायची असेल तर पुसून टाकू नका. नाकारली, आणि का नाकारली, हे एका ओळीत लिहा. ज्या दिवशी चोवीस विहिरींची बेरीज प्लॅटफॉर्मच्या एकूण उत्पादनाशी जुळत नाही, त्या दिवशी पहिल्यांदा हीच ओळ शोधली जाते.